पंप उतरवण्याआधी: जुन्या डिझेल ट्रकच्या इंजेक्शनमधला बिघाड कसा शोधायचा

गाडी उचलत नाही. तवंदी घाटात एरवी तिसऱ्यावर चढायची, आता दुसऱ्यावर कण्हते. मागे काळा धूर. चहाच्या टपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "पंप गेला." जुन्या ट्रकच्या बाबतीत हे सगळ्यात महाग निदान आहे आणि बऱ्याचदा चुकीचंही. इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप, उतरवायचा, तपासणीच्या बेंचला पाठवायचा, चार दिवस गाडी उभी ठेवायची, आणि परत बसवल्यावर कळतं की टाकीतल्या जाळीवर कचरा बसला होता.

म्हणून या लेखातला क्रम डिझेलच्या वाटेनेच जातो. टाकीपासून निघायचं आणि नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत) यायचं, पंपाला हात शेवटी. ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे, किंवा जे गॅरेजमध्ये हाताखाली काम शिकत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी गाडी ओळखा

हे सगळं यांत्रिक पंपाच्या गाड्यांना लागू आहे. जुन्या ४०७, १२१०, १६१३, कॉमेट अशा गाड्या आपल्याकडे ऊस, वाळू, वीट, भाजी ओढताना अजून दिसतात. टाटाच्या ६९७ इंजिनाच्या नावातच त्याची ओळख आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोर. ४९७ म्हणजे त्याच बोरचं चार सिलिंडरचं. पंप लांबट असेल आणि त्याच्या डोक्यावर जितके सिलिंडर तितके लोखंडी पाइप एका रांगेत असतील, तर तो इनलाइन पंप. मेस्त्री लोक अजून त्याला 'मायको पंप'च म्हणतात. ती कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २००८ पासून बॉश या नावाने चालते, पण गॅरेजात जुनं नाव गेलेलं नाही. पंप आखूड आणि पाइप गोलाकार निघालेले असतील तर तो रोटरी. त्याच्या आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलच मिळतं, त्यामुळे पाणी आणि भेसळ त्याला जास्त लवकर मारते.

नोझलच्या डोक्यावर वायरी जोडलेल्या दिसल्या आणि सगळे पाइप एका जाड नळीतून निघाले असतील, तर ती कॉमन रेल गाडी. तिथे हा लेख बाजूला ठेवा. चालू इंजिनावर तिचा पाइप सैल करणं म्हणजे हजार बारच्या वरच्या दाबाच्या धारेशी खेळणं आहे.

यांत्रिक गाडीतही नोझल साधारण दोनशे बारला उघडतं. ती बारीक धार कातडीतून आत जाते आणि बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका तेवढा दिसतो. दुखतही नाही फारसं. तरी वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं आणि 'डिझेल प्रेशरने आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं, कारण आतलं मांस सडायला तासच पुरतात. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हाताशी काय लागतं

सतरा आणि एकोणीसचा पाना, ब्लीड स्क्रूसाठी (हवा काढायच्या स्क्रूसाठी) लहान पाने, दोन-अडीच मीटर पारदर्शक डिझेल नळी आणि चांगल्या क्लिपा, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, पारदर्शक काचेची एक बाटली, टॉर्च, नवीन तांब्याचे वॉशर. बस्स. दुसरं म्हणजे धुणं. बेळगाव भागातल्या खानापूर-जांबोटीची तांबडी माती आणि उसाच्या फडातला चिखल यांचा जो थर फिल्टरवर आणि पंपावर चढतो, तो काढल्याशिवाय एकही नट सोडू नका. पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात जागा मायक्रॉनमध्ये मोजावी इतकीच असते. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण तिथे चरा पाडतो.

तक्रार नीट विचारून घ्या

'गाडी चालत नाही' याला तक्रार म्हणत नाहीत. थंड असताना सुरू होत नाही की गरम झाल्यावर? रिकामी बरी पळते आणि लोडला मरते? चढावर मरते आणि सपाटीला परत येते? अर्धा तास छान चालून बंद पडते, थांबून परत चालते? याच्या आधी काय काम झालं होतं, आणि डिझेल शेवटचं कुठे भरलं? ड्रायव्हर आणि मालक वेगवेगळे असतील तर ड्रायव्हरला विचारा. मालकाला फक्त अॅव्हरेज ठाऊक असतं.

डिझेलशी संबंध नसलेली चार कारणं

पहिलं एअर फिल्टर. ऊस हंगामात धुळीच्या रस्त्यावर तो इतका बसतो की इंजिनाला श्वास मिळत नाही, काळा धूर येतो आणि शिव्या पंपाला पडतात. फिल्टर काढून दोन मिनिटं जागेवर रेस देऊन धूर कमी होतो का बघा (उडत्या धुळीत नको). दुसरं, बंद करायची केबल. ती पूर्ण मागे येत नसेल तर पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) अर्धवट बंद राहतो. कुणाला तरी केबिनमध्ये बसवा आणि पंपावरचा दांडा शेवटपर्यंत परततो का ते स्वतः पाहा. तिसरं, अॅक्सिलरेटर. पॅडल जमिनीला टेकलं तरी पंपावरचा दांडा त्याच्या शेवटच्या स्क्रूला टेकत नाही, हे लिंकेज झिजलेल्या गाड्यांत हमखास सापडतं. आणि चौथं, घासणारे ब्रेक किंवा अर्धवट मिटलेला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी थोपवणारा). दहा मिनिटांचं काम आहे सगळं.

सुरू होण्याची तक्रार असेल तर बॅटरीही बघा. सेल (स्टार्टर) मंद फिरत असेल तर कॉम्प्रेशनची उष्णताच तयार होत नाही, मग पंप कितीही चांगला असो, पांढरा धूर येऊन गाडी गप्प.

टाकी

गाडी अर्धा तास चालून मरते आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होते, हे ऐकलं की आधी टाकीचं झाकण. त्याचं श्वासाचं भोक मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून ओढून पुढे पाठवणाऱ्या लहान पंपाला, डिझेल ओढवत नाही. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज करून हवा आत गेली तर रोग सापडला, औषध एक तारेचा तुकडा.

नंतर पाणी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पावसाळा म्हणजे चार महिने ओल. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि खाली उतरते. त्यात राज्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे डिझेलच्या दरात फरक असतो, म्हणून स्वस्त बाजूने भरून बॅरलमध्ये साठवायची सवय. उघड्यावर उभं ठेवलेलं बॅरल झाकणाच्या कडेवर पाणी साचवतं आणि ते हळूहळू आत ओढतं. आडवं ठेवलेलं बरं.

तपासायचं असं: गाडी रात्रभर न हलवता सपाटीवर ठेवा. सकाळी सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचा प्लग सैल करून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत घ्या. पाणी जड, ते खाली बसतं आणि बाटली तिरकी केली की त्याची वेगळी रेघ डोलताना दिसते. पाणी आणि डिझेलच्या सांध्यावर तपकिरी-काळा बुळबुळीत साय सारखा थर असेल तर ती जिवाणू-बुरशीची वाढ. असं असेल तर फिल्टर बदलून उपयोग नाही, आठवड्यात परत बुजेल. टाकी उतरवून धुवा, आणि नळीच्या तोंडाची जाळी त्याच वेळी काढून बघा. वासाला रॉकेल वाटलं तर ते डिझेल वापरू नका. रॉकेलमध्ये वंगणगुण कमी, एलिमेंट घासले जातात.

हवा: इथे वेळ घाला

सीमाभागातल्या गॅरेजात कानडी मेस्त्री 'गाळी' म्हणतो, मराठी मेस्त्री 'एअर धरलीय' म्हणतो. रोग एकच. डिझेल दाबलं जात नाही म्हणून तर ते नोझल उघडतं. हवा दाबली जाते, आणि प्लंजरची अख्खी मेहनत ती हवा दाबण्यात जाते. त्यामुळे गाडी सुरू होऊन बंद पडते, आयडलला वरखाली होते, लोडवर धक्के मारते.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे अर्धं काम सोपं होईल: फीड पंपाच्या आधीची गळती हवा आत ओढते, नंतरची गळती डिझेल बाहेर फेकते. टाकी ते फीड पंप या भागात ओल दिसणार नाही, जमिनीवर थेंब पडणार नाही, तरी हवा शिरत राहील. म्हणून 'कुठे गळत नाही, म्हणजे लाइन चांगली आहे' हा निष्कर्ष या भागाला लागू नाही.

फीड पंपाच्या आत येणारा पाइप काढून तिथे पारदर्शक नळीचा हातभर तुकडा मध्ये घाला. इंजिन सुरू करा आणि नळीकडे टॉर्च धरा. सुरुवातीचे बुडबुडे सोडून द्या, दोन मिनिटं बघा. स्वच्छ लाइनमध्ये डिझेल इतकं स्थिर दिसतं की ते वाहतंय हेही कळत नाही. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक चालत राहिले, किंवा रेस दिल्यावर लांबट पोकळी सरकताना दिसली, तर हवा मागून येत आहे.

आता कॅन. टाकीची लाइन सोडा, पारदर्शक नळी फीड पंपाला थेट जोडून दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइपही त्याच कॅनमध्ये आणा, नाहीतर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन बसेल आणि तुम्ही कॅन का रिकामा झाला म्हणून गोंधळाल. बुडबुडे थांबले आणि गाडी जागेवर नीट रेस घेऊ लागली, तर दोष टाकी, जाळी, पाइप किंवा जोडांत. तरीही बुडबुडे असतील, तर नळीच्या क्लिपा पुन्हा आवळून बघा, मग फीड पंपाकडे वळा. हा प्रयोग जागेवरच. कॅन केबिनमध्ये ठेवून रस्त्यावर गाडी काढू नका.

हवा शिरायच्या जागा ठरलेल्या असतात: चिरलेला रबर पाइप (वाकवून बघा, सरळ असताना चीर मिटलेली असते), ढिल्या क्लिपा, पोकळ बँजो बोल्टचे पुन्हा पुन्हा वापरलेले वॉशर, चेसिसला घासून भोक पडलेला लोखंडी पाइप, आणि फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ. ही शेवटची जागा नवे लोक हमखास विसरतात. हवा काढून झाल्यावर मूठ खाली दाबून पूर्ण आवळली नाही, तर तिथूनच हवा आत जाते आणि तुम्ही दिवसभर एअर काढत बसता.

एअर काढायची रीत अशी:

१. टाकीत पुरेसं डिझेल असू द्या, गाडी शक्यतो सपाटीवर.
२. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा. दोन फिल्टर असतील तर टाकीच्या बाजूचा आधी.
३. हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येईल. सलग येत असतानाच, मूठ दाबलेली असताना, स्क्रू आवळा.
४. तेच इंजेक्शन पंपाच्या गॅलरीच्या (डिझेल साठायच्या आतल्या पोकळीच्या) स्क्रूवर करा.
५. तरी सुरू होत नसेल तर नोझलकडचे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करून सेल मारा. डिझेल उसळायला लागलं की नट आवळा.
६. सेल एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर पंपाबरोबर सेल्फही दुरुस्तीला जाईल.

हातपंप मारूनही दाब लागत नाही, मूठ पोकळ वाटते? फीड पंपाच्या आतल्या लहान व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असेल. ते उघडून धुता येतात, स्प्रिंग तेवढी हरवू नका.

फिल्टर आणि फीडचा दाब

फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामध्ये लहान प्रेशर गेज लावता आलं तर अंदाजाचा खेळ संपतो. या गाड्यांत साधारण एक ते दीड बार दाब असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. आयडलला ठीक आणि रेस वाढवल्यावर दाब खाली येतो, तर गेज फिल्टरच्या आधी लावा. आधी दाब भरपूर आणि नंतर कमी म्हणजे फिल्टर बुजलेला. दोन्हीकडे कमी म्हणजे फीड पंप थकला, मागची लाइन अडली, किंवा रिटर्नला जाणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडा राहतोय. हा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंग असलेला लहानसा बोल्ट. कुणीतरी कधीतरी त्याच्या जागी साधा बँजो बोल्ट ठोकून दिलेला असतो, आणि गॅलरीत दाबच उरत नाही.

नवीन फिल्टरमध्ये डिझेल ओतून बसवायची सवय सोडा. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळल्याशिवाय पंपात जातं. रिकामा बसवा, हातपंपाने भरा.

कोणता सिलिंडर मेला आहे

इथपर्यंत सगळं स्वच्छ आणि तरी गाडी मिसिंग मारते, तर आता पाना उचला. इंजिन गरम करून आयडलला ठेवा. एक नंबरच्या नोझलकडचा नट चिंधी गुंडाळून अर्धा फेरा सैल करा. सिलिंडर काम करत असेल तर लगेच इंजिनाचा सूर पडतो, केबिन हलते. नट आवळा, सूर परत येतो. मग पुढचा. ज्याचा नट सैल केला तरी सुरात काही फरक पडत नाही, तोच आळशी. प्रत्येक नट काही सेकंदच सैल ठेवा, आणि उडणारं डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर जाणार नाही असा आडोसा धरा. तिथे आग लागते.

गाडी थंड असेल तर दुसरी युक्ती. सुरू करून अर्ध्या मिनिटात मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. बाकीच्यांवर थेंब चरचरून उडतील, मेलेल्या सिलिंडरवर तसेच बसून राहतील.

आळशी सिलिंडर सापडला म्हणजे नोझलच खराब असं नाही. त्याचं नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा, शेजारचं इकडे. दोन्हीकडे नवे वॉशर. रोग नोझलबरोबर सरकला तर नोझल दोषी. रोग जागेवरच राहिला तर पंपाचा तो एलिमेंट, त्याच्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल मागे न येऊ देणारी झडप), किंवा सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आणि कॉम्प्रेशन मोजणं, टॅपेट तपासणं हे पंप उतरवण्यापेक्षा फार स्वस्त आहे, म्हणून ते आधी.

पाइप मात्र अदलाबदल करू नका. त्यांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते, कारण दाबाची लाट नोझलपर्यंत पोचायला लागणारा वेळ लांबीवर ठरतो. पाइपांच्या मधल्या क्लॅम्पही टाकून देऊ नका. त्या नसल्या की पाइप थरथरून नटाच्या मुळाशी तडकतो.

नोझल

नोझल काढताना खालचा तांब्याचा वॉशर त्याच्याबरोबर आलाच पाहिजे. बऱ्याचदा तो खड्ड्यात चिकटून राहतो, वर नवीन बसतो, आणि नोझलचं टोक वॉशरच्या जाडीएवढं वर राहतं. फवारा पिस्टनच्या वाटीऐवजी भलतीकडे. त्या दिवसापासून गाडी काळा धूर देते आणि कुणाला कारण कळत नाही. टॉर्च लावून बघा, तारेच्या आकड्याने काढा. नोझलच्या अंगावर काळा डांबरासारखा थर असेल तर वॉशर गॅस सोडत होता.

तपासणी नोझल टेस्टरवरच. हाताने चालवायचा हा टेस्टर ऑटो नगरसारख्या गॅरेजांच्या वसाहतीत कोणत्याही डिझेल पंपाच्या कामवाल्याकडे असतो. शेजारी उभे राहून तीन गोष्टी बघा. एक, उघडण्याचा दाब. जुन्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण १८० ते २५० बारमध्ये असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या आणि सगळ्या नोझलना एकसारखा ठेवा. दोन, गळती. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब धरून दहा सेकंद टोकाकडे बघा. टोक ओलं झालं तर एक वेळ चालेल, थेंब तयार होऊन पडता कामा नये. तीन, फवारा. चार भोकांच्या नोझलमधून चार सारखी, धुक्यासारखी शेपटं निघावीत आणि झटकन तुटावीत. चांगलं नोझल दांडा मारताना 'चर्र' असा कोरडा आवाज देतं. एखादं शेपूट पाण्याच्या धारेसारखं सरळ, जाड आणि आवाज नसलेलं निघालं, तर ते डिझेल पिस्टनवर भोक पाडायच्या तयारीत आहे.

गाडीवरच नोझल बाहेर काढून, हवेत फवारा उडवून बघायची जुनी खोड आहे. ती सोडा. ती धार कातडीतून आत जाते हे सुरुवातीलाच सांगितलंय.

धुराची भाषा

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, टर्बो असेल तर त्याचा सैल होज, खराब फवारा, किंवा कुणीतरी फिरवून ठेवलेला पंपाचा मॅक्स स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा). निळा धूर इंजिन ऑइलचा, त्याचा इंजेक्शनशी संबंध नाही.

पांढऱ्यात फसगत होते. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. डिझेलचा असेल तर डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो. कूलंटचा असेल तर रेडिएटरची पातळी उतरत राहते, मग हेड गॅस्केटकडे बघायचं. डिझेलचाच असला आणि इंजिन तापल्यावर जात असला तर कॉम्प्रेशन किंवा गळकं नोझल. तापल्यावरही कायम राहिला, गाडी सुस्त झाली, आणि तो नुकत्याच झालेल्या पंपाच्या कामानंतर सुरू झाला असेल, तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे गेलंय. उलट टायमिंग फार पुढे असेल तर इंजिन हातोडा मारल्यासारखं 'टण् टण्' ठोकतं.

टायमिंग

टायमिंग सहसा आपोआप सरकत नाही. पंप काढून बसवला, पंपाला फिरवणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल झाले किंवा कपलिंगची डिस्क झिजली, तेव्हाच शंका घ्या. म्हणून पंप सोडण्यापूर्वी फ्लँज आणि ब्रॅकेटवर एकच रेघ छिन्नीने ओढून ठेवा.

थेंब पद्धत इनलाइन पंपासाठी आहे. एक नंबर कॉम्प्रेशनला आणा. सहा सिलिंडरमध्ये सहा नंबरचे व्हॉल्व्ह हलत असतात तेव्हा एकचे दोन्ही सैल असतात, चार सिलिंडरमध्ये चार नंबरकडे बघायचं. (फायरिंग ऑर्डर सहाला १-५-३-६-२-४, चारला १-३-४-२.) पंपाच्या एक नंबरच्या होल्डरखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, होल्डर परत बसवा आणि त्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली नळी लावा. बंद करायची केबल मोकळी आणि अॅक्सिलरेटरचा दांडा पूर्ण उघडा. इंजिन टायमिंगच्या खुणेच्या बरंच मागे ठेवून हातपंप मारा, नळीतून धार येईल. आता इंजिन चालायच्याच दिशेने हळूहळू फिरवा. धार बारीक होते, तुटते, थेंबावर येते. दोन थेंबांत पंधरा-वीस सेकंदांचं अंतर पडलं की थांबा. तीच इंजेक्शनची सुरुवात. फ्लायव्हील किंवा पुलीवरचा अंश गाडीच्या प्लेटवरच्या आकड्याशी जुळतो का बघा. पुढे गेलात तर नुसतं मागे वळवून जुळवू नका, पाव फेरा मागे नेऊन परत पुढून या, नाहीतर गिअरमधली ढील मोजली जाते. पंपाचं अंग त्याच्या शाफ्टच्या उलट दिशेला वळवलं की टायमिंग पुढे जातं.

मग पंप

खरा थकलेला पंप काही ठराविक खुणा देतो. थंड गाडी एका सेलला सुरू होते आणि चहा पिऊन आलात की गरम गाडी सुरू होत नाही: तापलेलं डिझेल पातळ होऊन झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटतं. खात्री करायला गाडी बंद असताना पंपावर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्यानंतर सुरू झाली तर शंका खरी. तापलेल्या पंपावर बादली ओतू नका, आतला भाग आवळला जाऊन अडकतो.

दुसरी खूण इंजिन ऑइलची. डिपस्टिकवर तेल *वाढत* असेल तर आनंद मानू नका. एलिमेंटमधून किंवा फीड पंपाच्या दांड्यातून डिझेल खाली उतरत असतं, आणि ज्या पंपाला वंगण इंजिनातून येतं तिथे ते थेट इंजिनाच्या तेलात मिसळतं. वर्तमानपत्रावर तेलाचा एक थेंब टाका. काळ्या ठिपक्याभोवती पातळ, डिझेलचा वास येणारी रिंग पसरली तर गाडी चालवणं थांबवा, बेअरिंग जातील.

तिसरी: हवा नाही हे नक्की झाल्यावरही आयडलला सूर वरखाली होत राहणं. तो गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) किंवा जड झालेला रॅक.

बेंचला देताना फक्त 'पंप बनवून दे' म्हणू नका. पंपावरच्या प्लेटचा नंबर आणि इंजिनाचं मॉडेल लिहून द्या, प्रत्येक सिलिंडरच्या डिलिव्हरीचे आकडे कागदावर मागा, बदललेले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत मागा, आणि मॅक्स स्क्रूला सील लावून घ्या. 'जरा डिझेल वाढवून देतो, घाटात उडेल' हा प्रस्ताव आला की नाही म्हणा. वाढवलेलं डिझेल जळायला हवा तेवढीच असते, उरलेलं धूर होतं, सिलिंडरचं तेल धुतं आणि पिस्टनचं डोकं वितळवतं. शिवाय पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या गडदपणाचं माप) आहे.

पंप परत बसवण्याआधी टाकी, जाळी आणि दोन्ही फिल्टर नवेकोरे असल्यासारखे स्वच्छ करून घ्या. ज्या कचऱ्याने जुने एलिमेंट खाल्ले तो अजून टाकीतच आहे. पंपाला स्वतःचं तेल लागत असेल तर सुरू करण्यापूर्वी भरा. एअर काढा, सुरू करा, पुठ्ठा फिरवून प्रत्येक नट तपासा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर गाडी थंड होऊ द्या, नट पुन्हा एकदा पान्याने बघा आणि डिपस्टिकवर आज तेल कुठे होतं त्याची खूण लिहून ठेवा. आठ दिवसांनी तीच खूण परत बघायची आहे.